कबड्डीत गुडघा, घोटा, खुबा दुखावला तर काय झालंय ते कसं ओळखायचं आणि पुढे काय करायचं

मॅटवर पोरगं पाय धरून बसलं की पहिल्या मिनिटात चार जण धावतात, एक पाय ओढतो, एक स्प्रे मारतो, एक म्हणतो उठ उठ चाल काही होत नाही, आणि ज्या तीन गोष्टी विचारायला पाहिजेत त्या कुणीच विचारत नाही. म्हणून आधी त्या तीनच सांगतो.

पहिली, पाय कसा वळला आणि तेव्हा तो कुठे अडकलेला होता. दुसरी, दुखतंय कुठे ते एका बोटाने दाखव, पंजाने नाही, बोटाने. तिसरी, सूज किती वेळात आली, आणि कट्कन किंवा फट्कन असं काही जाणवलं का. एवढी माहिती नीट लिहून ठेवलीत ना तर अर्धं निदान तिथेच झालेलं असतं, चांगला ऑर्थोपेडिक डॉक्टर पण एमआरआय बघायच्या आधी हेच विचारतो. दुसऱ्या दिवशी मुलाला आठवत नाही, मित्र वेगवेगळं सांगतात, म्हणून त्याच वेळी विचारायचं. आणि कुणाच्या मोबाईलमध्ये त्या चढाईचा व्हिडिओ असेल तर तो मागून घ्या, डॉक्टरला दाखवा, फार कामाला येतो.

गुडघा

सुरुवात गुडघ्यापासून करतो कारण करिअर संपवणारी दुखापत बहुतेक वेळा इथलीच असते.

मांडीच्या हाडाची खालची टोकं गोल आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक जवळपास सपाट, म्हणजे पाट्यावर वरवंटा उभा ठेवल्यासारखा प्रकार आहे, नुसत्या हाडांच्या भरवशावर हा सांधा टिकूच शकत नाही. त्याला धरून ठेवतात चार लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे. दोन आत, एकमेकांना फुलीसारखी छेदणारी, पुढचं एसीएल आणि मागचं पीसीएल, आणि दोन बाजूंना, आतलं एमसीएल आणि बाहेरचं एलसीएल. हाडांच्या मधे दोन अर्धगोल गाद्या असतात ज्यांना डॉक्टर मेनिस्कस म्हणतात आणि आपल्याकडे सगळे "गादी फाटली" म्हणतात ती हीच. आणि पुढे वाटी, जी मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूच्या दोरीत बसवलेली आहे.

आता एक गोष्ट स्वतःच्या पायावर करून बघा. खुर्चीत बसा, गुडघा काटकोनात वाकवा, वाटीच्या खालच्या टोकाशी दोन्ही बाजूंना अंगठे ठेवा. दोन मऊ खळगे लागतील. तिथून अंगठे हळूहळू मागे सरकवत न्या, हाडांमधली एक फट लागत जाते. ती सांध्याची रेषा. या रेषेवरच बोट ठेवून पोरगा "इथेच" म्हणाला तर संशय गादीवर. आतल्या बाजूला रेषेच्या वर किंवा खाली दुखत असेल तर एमसीएलचा विचार करायचा. वाटीच्या खाली जी जाड दोरी लागते ती दुखत असेल तर तो उड्यांचा आणि सारखं वाकून उभं राहण्याचा त्रास, हळूहळू वाढत आलेला. आणि त्या दोरीच्या खालच्या टोकाला नडगीवरचा उंचवटा १० ते १५ वर्षांच्या मुलाचा दुखत असेल, सुजलेला असेल, तर तो वाढत्या वयातला ऑस्गूड-श्लाटर नावाचा प्रकार असतो, घाबरायचं कारण नाही, उड्या आणि बैठका कमी करायच्या, वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचा आपोआप थांबतो, फक्त उंचवटा राहतो.

एसीएलबद्दल मात्र सविस्तर बोलायला पाहिजे. कबड्डीत याची ठरलेली वेळ असते: चढाई करणाऱ्याने बोनस घेतला किंवा हात लावला, मागे वळला, अंग मध्यरेषेकडे फिरलं आणि पाऊल मात्र कोपऱ्यातल्या खेळाडूने अँकल होल्डमध्ये धरलेलं. वरचं शरीर फिरतं, पाऊल फिरत नाही, मधला गुडघा आत कोसळतो. पण कुणी धरलेलंच असलं पाहिजे असं नाही, उडी मारून एका पायावर उतरताना किंवा पळता पळता अचानक दिशा बदलताना एकट्याने सुद्धा एसीएल तुटतं, कुणाचा धक्काही लागत नाही. मुलींमध्ये हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, म्हणून मुलींच्या संघाच्या कोचने पुढचा भाग दोनदा वाचावा.

मुलगा काय सांगतो? "आत कायतरी फट्कन झालं", "गुडघा निसटल्यासारखा वाटला". आणि मॅच संपून कपडे बदलेपर्यंत, म्हणजे तास-दोन तासांत, गुडघा टम्म. लोक म्हणतात पाणी झालंय. इतक्या लवकर सुजलेल्या गुडघ्यात पाणी नसतं, बहुतेक वेळा रक्त असतं, आणि रक्त म्हणजे आत काहीतरी मोठं तुटलंय. गादी एकटी फाटली असेल तर सूज सहसा रात्रीत किंवा दुसऱ्या दिवशी येते. हा वेळेचा फरक लक्षात ठेवा.

पुढे जे होतं ते सगळ्यात वाईट. एक्स-रे काढतात, नॉर्मल येतो, घरी आनंद. अहो एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसतच नाही! दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, पोरगा चालायला लागतो, सरळ पळायला पण लागतो, सगळे म्हणतात बरा झाला, मग तो मॅटवर उतरतो, वळतो आणि गुडघा परत निसटतो. असं प्रत्येक वेळी निसटताना आतली गादी आणि हाडावरची कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण, घासून जाते, आणि मूळ एसीएलपेक्षा हे नुकसान भरून काढणं अवघड, कारण गादीच्या फक्त बाहेरच्या काठाला रक्तपुरवठा चांगला असतो, आतला भाग फाटला की तो सहसा स्वतःहून जुळत नाही. म्हणून फट्कन झालं अधिक दोन तासांत सूज, एवढं असेल तर एक्स-रे काहीही सांगो, गुडघ्याच्या जाणकार डॉक्टरने हाताने तपासलंच पाहिजे, आणि ते म्हणतील तेव्हा एमआरआय.

ऑपरेशन प्रत्येकाला लागतं का? नाही. ज्याला वळायचं, उडायचं, झटापट करायची नाही त्याचं चांगल्या व्यायामावर निभावू शकतं. कबड्डी परत खेळायची असेल तर बहुतेक वेळा लागतं. स्वतःच्याच शरीरातली दुसरी दोरी, मांडीच्या मागची किंवा वाटीखालची, काढून तिथे बसवतात. आणि घाई नको, आधी सूज उतरू दे, गुडघा पूर्ण सरळ व्हायला लागू दे, मग ऑपरेशन, असं बहुतेक सर्जन सांगतात. त्यानंतर खेळायला किमान ९ महिने. सहा महिन्यांत उतरवणारे कोच बघितलेत, कृपा करून ते करू नका, बसवलेली दोरी तेव्हा पुरती तयार नसते, परत तुटण्याचा धोका खूप वाढतो.

बाकीचं भराभर सांगतो. बाहेरून डॅश बसला आणि गुडघा आत गेला तर एमसीएल, हे बहुतेक वेळा ब्रेस आणि व्यायामाने ऑपरेशनशिवाय बरं होतं. साखळी पकडीत वाकलेल्या गुडघ्यावर पुढून आपटला तर पीसीएल. वाटी सरकली तर ती बहुतेक बाहेरच्या बाजूला सरकते आणि पाय सरळ झाला की बऱ्याचदा आपोआप जागेवर येते, पण जागेवर आली म्हणून विषय संपला असं नाही, तपासणी हवीच. गुडघा अडकला, म्हणजे काही केल्या सरळच होत नाही, तर गादीचा फाटलेला तुकडा मधे अडकलेला असू शकतो, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. आणि गुडघ्याचा आकारच बदललेला दिसला, पाऊल गार किंवा पांढरं पडलं, तर ओढून सरळ करायला जाऊ नका, आहे त्या अवस्थेत फळीला बांधून थेट मोठ्या हॉस्पिटलला, गुडघ्यामागची मुख्य रक्तवाहिनी दबलेली असू शकते आणि तिथे तासांचा हिशोब असतो.

घोटा

सगळ्यात जास्त दुखावतो हाच, आणि सगळ्यात कमी मनावर घेतला जातो हाच.

नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरचं बारीक हाड दोन्ही मिळून वरून एक खाच करतात आणि त्या खाचेत पावलाचं टॅलस हाड बसतं. दोन बाजूंना जे उंचवटे दिसतात ते याच दोन हाडांची टोकं. नीट बघा, बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा जरा खाली येतो. त्यामुळे पाऊल बाहेर वळायला अडतं, आत वळायला मोकळं. शिवाय आतल्या बाजूचं लिगामेंट एकदम जाड, बाहेरची तीन त्या मानाने बारीक. म्हणून पाय मुरगळतो तो बहुतेक आतच, आणि दुखतं बाहेरच्या उंचवट्याच्या पुढे-खाली, जिथे बोट ठेवलं की मऊ खोलगट भाग लागतो. ते पहिलं तुटणारं लिगामेंट.

फ्रॅक्चर आहे की नुसता मुरगळला? यासाठी कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये साधे नियम दिले, जगभर वापरतात, ते प्रत्येक मंडळाच्या पेटीत लिहून चिकटवले पाहिजेत. दोन्हीपैकी कुठल्याही उंचवट्याच्या टोकावर किंवा त्याच्या मागच्या काठावर, खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये, हाड दाबल्यावर दुखतंय का. पावलाच्या बाहेरच्या काठावर मध्यावर जे हाड वर आलेलं असतं तिथे, किंवा आतल्या बाजूला घोट्याच्या पुढचं हाड, दाबल्यावर दुखतंय का. आणि मुरगळल्यावर लगेच आणि नंतर दवाखान्यात सुद्धा, लंगडत का होईना, ४ पावलं टाकता येतात का. यातलं हाडाचं दुखणं नाही आणि पावलं टाकता येतात, तर मोठ्या माणसात फ्रॅक्चरची शक्यता फारच कमी. एकातही गडबड असेल तर एक्स-रे. वाढत्या वयातल्या मुलांचा एक्स-रे काढायला जरा जास्तच तयार राहा, कारण त्यांच्यात लिगामेंटच्या आधी हाडाची वाढीची पट्टी, म्हणजे जिथून हाड वाढतं तो मऊ भाग, दुखावू शकते.

अँकल होल्डमधून सुटायला पाय बाहेरच्या बाजूला पिळला गेला आणि दुखतंय घोट्याच्या वर, नडगीच्या खालच्या भागात दोन हाडांच्या मधे, तर तो साधा मुरगळलेला नाही. सूज कमी असते म्हणून लोक फसतात. याला वेळ दुप्पट-तिप्पट लागतो, कधी ऑपरेशन पण लागतं, म्हणून तपासून घ्या.

आणि टाचेमागची जाड दोरी. तिशी-चाळिशीतले जुने खेळाडू गणपतीतल्या किंवा शिवजयंतीच्या सामन्यात वर्षभराने उतरतात, उसळी घेतात, आणि मागे वळून विचारतात "कोण मारलं रे लाथ?" कुणीच मारलेली नसते, दोरी तुटलेली असते. पालथं झोपवा, पाय बाकाच्या कडेबाहेर लोंबता ठेवा, पोटरी हाताने दाबा. पाऊल खाली हललं तर दोरी बहुधा शाबूत. अजिबात हललं नाही तर त्याच दिवशी दवाखाना. असा माणूस बऱ्याचदा लंगडत चालू शकतो, पावलाची बोटं हलवू शकतो, त्यावर जाऊ नका.

खुबा

खुबा म्हणजे उखळीचा सांधा, मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडाच्या खोल वाटीत बसलेला, भोवती कडेला कूर्चेची किनार आणि वर जाड स्नायू. इतका खोल आणि मजबूत की कबड्डीत तो निखळणं दुर्मीळ. पण लोक "खुबा दुखतोय" म्हणून हात ठेवतात कमरेच्या बाजूला किंवा ढुंगणावर, आणि ते दुखणं बऱ्याचदा स्नायूचं किंवा कमरेतून आलेलं असतं. खऱ्या खुब्याच्या सांध्याचं दुखणं जांघेत येतं.

जांघेत येणारं सगळ्यात कॉमन दुखणं मात्र मांडीच्या आतल्या स्नायूचं. टो टच मारताना एक पाय लांब फेकला, दुसरा पाय मागे राहिला, आणि जांघेत चर्रर्र. उताणं झोपवून दोन गुडघ्यांच्या मधे तुमची मूठ ठेवा आणि त्याला दाबायला सांगा. दाबताना तिथेच दुखलं तर हा स्नायू. बॅक किक मारताना किंवा पळताना मांडीच्या मागे चमक भरली तर हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू. दोन्हीत ताणून ताणून मोकळं करायचा मोह होतो, पहिल्या आठवड्यात तो टाळा. १४ ते १७ च्या मुलात अचानक कट्कन होऊन कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाला किंवा बसण्याच्या हाडाला दुखलं तर एक्स-रे काढा, त्या वयात बऱ्याचदा स्नायू तुटत नाही, हाडाचा तुकडा घेऊन येतो.

आता दोन गोष्टी अशा सांगतो ज्या चुकल्या तर आयुष्यभराचं नुकसान होतं.

एक, साधारण १० ते १६ वर्षांचं मूल, बऱ्याचदा अंगाने जाड, काही आठवडे लंगडतंय, पाऊल बाहेर वळवून चालतंय आणि तक्रार मात्र गुडघ्याची. गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल. अशा मुलाचा खुबा तपासलाच पाहिजे, कारण मांडीच्या हाडाचा गोळा वाढीच्या पट्टीवरून सरकत असू शकतो आणि खुब्याचं दुखणं नसेच्या वाटेने गुडघ्यात जाणवतं. उताणं झोपवून मांडी पोटाकडे न्या, ती सरळ वर न येता बाहेर फिरत वर येते का बघा. येत असेल तर त्या मुलाला त्या पायावर वजन टाकू देऊ नका आणि त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे, स्पष्ट म्हणा की खुब्याचा एक्स-रे दोन बाजूंनी काढा.

दोन, पोलीस भरतीची पोरं. आपल्याकडे कबड्डीतली कितीतरी मुलं भरतीची तयारी करतात, मैदानी चाचणीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर, मग एक-दीड महिन्यात रोजचं पळणं एकदम वाढवतात. पळताना जांघेत दुखतं, थांबलं की कमी होतं, आणि दिवसेंदिवस लवकर सुरू होतं, त्या पायावर उडी मारवत नाही. हे खुब्याच्या मानेला, म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोळ्याखालच्या निमुळत्या भागाला, बारीक चीर जात असल्याचं लक्षण असू शकतं, सुरुवातीच्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. पळत राहिला तर हाड पूर्ण मोडतं. तारीख जवळ आली म्हणून पेनकिलर खाऊन पळू नका रे, भरती पुढच्या वेळी पण निघेल.

पहिले दोन-तीन दिवस

खेळ थांबवा. पाय उशीवर, छातीपेक्षा वर. क्रेप बँडेज बोटांकडून वरच्या दिशेने, बोटं निळी किंवा बधिर होणार नाहीत इतपत. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं, दुखणं कमी होण्यासाठी, थेट कातडीवर नाही. गरम विटेचा शेक, तेलाची जोरात मालीश, दारू, हे पहिल्या तीन दिवसांत नको, रक्तस्राव आणि सूज वाढते. आंबेहळदीचा लेप लावायचा तर लावा, आजीचं मन मोडू नका, फक्त जखम उघडी नसावी आणि लेपामुळे तपासणी लांबू नये. झटका देऊन पाय "बसवणाऱ्याकडे" मात्र नेऊ नका. आत फ्रॅक्चर असेल तर त्या एका झटक्यात हाड सरकतं, नस दबते.

साधा मुरगळला असेल तर दोन-तीन दिवसांनी हळूहळू वजन टाकायला सुरुवात करा, आठवडेच्या आठवडे झोपून राहणं पण चूक. आणि प्लास्टर किंवा ऑपरेशननंतर पोटरी दुखून कडक झाली, सुजली, किंवा दम लागायला लागला, तर वाट बघू नका, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

परत मॅटवर कधी

कॅलेंडर बघून नाही, पाय बघून. घोट्यासाठी: दुखऱ्या पायावर डोळे मिटून उभं राहता येतं का, एका पायावर चवड्यावर येऊन टाच उचलता येते का, चांगल्या पायाइतक्या वेळा. गुडघ्यासाठी: एका पायावर लांब उडी, ती चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के यायला पाहिजे, आणि उतरताना गुडघा आत पडता कामा नये, मोबाईलवर समोरून शूट करा म्हणजे लगेच दिसतं. एसीएलवाल्याने हे फिजिओसमोरच करायचं, घरी नाही. एकदा मुरगळलेला घोटा परत परत मुरगळतो, म्हणून ब्रेस किंवा टेप लावून खेळायला लाजू नका, आणि रोज दात घासताना एका पायावर उभं राहायचं, दोन मिनिटं, पाय आलटून पालटून.

वॉर्मअपमध्ये नुसत्या मैदानाला फेऱ्या मारून काही होत नाही. फुटबॉलवाल्यांनी बनवलेला फिफा अकरा प्लस हा २० मिनिटांचा सराव आहे, त्यात पळणं, एका पायावरचे व्यायाम, नीट उतरणं, दिशा बदलणं सगळं येतं, त्याने दुखापती खरंच कमी होतात हे तपासलेलं आहे, आणि तो आपल्या मुलांनाही करता येतो. आठवड्यातून दोन-तीनदा.

शेवटची पायरी कबड्डीचीच हवी. आधी सरळ पळणं, मग नागमोडी, मग एकट्याने फूटवर्क, मग ओळखीच्या खेळाडूबरोबर अर्ध्या जोराची पकड. त्यात अँकल होल्ड मुद्दाम घ्यायचा, धरलेला पाय घेऊन मध्यरेषेकडे कसं जायचं ते परत शिकवायचं: अंग फिरवण्याआधी कंबर खाली, धरलेल्या पायाचा गुडघा वाकलेला आणि चवड्याच्याच दिशेने, आणि खेच येईल ती दुसऱ्या पायाने. हे न दुखता, न बिचकता सलग काही दिवस जमलं की मग सामन्यात उतरवा, आणि पहिल्या दोन-तीन सामन्यांत पूर्ण वेळ नको.